अर्ध्या दाढीचा डाव

ता. ५, मंगळवार

ताईने ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, "रोज दोन ओळी लिहीत जा, नाहीतर आहे ते अक्षरही गंजेल." चार महिने वही पेटीत कपड्यांखाली पडून होती. आज काढली, कारण आज सांगण्यासारखं घडलं आणि सांगायला इथं आपलं माणूस नाही.

बुद्धिबळाच्या संघात माझं नाव लागलं.

आमची धुलाई म्हणजे दवाखान्यांची धुलाई. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं गाड्या भरभरून येतं. लाल पट्टीचं शस्त्रक्रियेचं, निळ्या पट्टीचं वॉर्डाचं. पट्टी बघायची नि ढिगात टाकायचं, वाचायचं काही काम नाही. मी इस्त्रीच्या तापलेल्या रुळापाशी उभा असतो. ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं घडीवाल्या मावशींच्या. दोघांनी ताणून धरायची आणि रुळाच्या तोंडात द्यायची. माझा पाय एका जागी ठरत नाही, म्हणून मावशी दिवसातून वीसदा ओरडतात, "अरे भिंगरी, चादर धरलीयस, लगाम नव्हे!" भिंगरी हे माझं घरचं नाव. इथं येऊन मीच एकदा बोलून गेलो आणि तेच चिकटलं.

जेवणाच्या सुट्टीत बॉयलरकाका पट मांडून बसतात. गेल्या आठवड्यात मी बाजूला उभा राहून एक चाल सुचवली. ते म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस, खाली बस." बसलो. तीन डाव झाले, तिन्ही मी जिंकलो. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "कुणी शिकवलं?"

अप्पांनी, म्हणालो.

अप्पांचं केस कापायचं दुकान. एका बाजूला दार, एका बाजूला आरसा, मध्ये तिवईवर पट. वाट बघणारी गिऱ्हाईकं खेळायची आणि अप्पा वस्तरा चालवता चालवता पाठमोरेच त्यांच्याशी खेळायचे. "दाराकडचा घोडा पुढे घे." "आरशाकडचा उंट मार." आमच्या दुकानात राजाची बाजू म्हणजे दार, वजिराची बाजू म्हणजे आरसा. घरं आरशापासून मोजायची. जगात सगळीकडे असंच म्हणतात असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. अप्पांचा हात कायम साबणाचा, म्हणून पेपरही ते स्वतः धरत नसत, ताई नाहीतर मी वाचून दाखवायचो. पण डाव मात्र अख्खाच्या अख्खा डोक्यात. सुरुवात ठरलेली, वजिराचं प्यादं दोन घरं. आणि एक वाक्य ठरलेलं: "हातात आलेला डाव सोडू नये. अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवतं का कुणी?"

कामगारांच्या स्पर्धेत धुलाईचा संघ अठरा वर्षं उतरतो आहे. अंतिम फेरी एकदाही नाही. बॉयलरकाका ह्या महिनाअखेर निवृत्त होणार, म्हणजे त्यांची ही शेवटची. चौघे आम्ही: पहिल्या पटावर मावशी (हो, मावशी सगळ्यांत भारी), दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर काका, चौथ्यावर गाडीवाला.


ता. १०, रविवार

पहिली फेरी जिंकलो. टपालवाल्यांना अडीच-दीड.

स्पर्धा वाचनालयाच्या मोठ्या खोलीत असते. लांब टेबलं, हिरवे दिवे, खोकलायची चोरी. माझा डाव तासाभरात संपला. समोरचा टपालवाला माझ्या प्याद्यालाच हसला होता, म्हणाला, "आजोबांची सुरुवात!" मग बाविसाव्या चालीला त्याचा वजीर गेला.

पण एक भानगड आहे. लिहावी की नको असं करत आता लिहितो, ही वही कोण वाचणार आहे.

तिथं प्रत्येकाला एक छापील कागद देतात. आपली चाल, समोरच्याची चाल, सगळं त्यावर लिहायचं. ए-बी-सी-डीमध्ये. मी पाचवीत दोन महिने बसलो आणि शाळा सोडली. ए-बी-सी नुकतंच कुठे सुरू होत होतं. बसवरचं नाव अंदाजाने ओळखतो. पण घराला नाव काय, कुठलं अक्षर कुठे, हे मला ठाऊक नाही. विचारावं तर खोलीत साठ माणसं. सगळे माना खाली घालून भराभरा लिहीत होते. मीही मान खाली घातली आणि लिहिल्यासारखं केलं. मुंग्यांसारखी चिन्हं काढली, ओळीने, नीट. पंच बाई टेबलांमधून फिरत होत्या. त्या जवळ आल्या की मी कागदावर कोपर ठेवायचो.

शेवटी कागद गठ्ठ्यात टाकला. कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी अप्पांना फोन केला. मी दर रविवारी करतो, दुकानात असतात तेव्हाच. सोमवारी दुकान बंद, घरी फोन सगळ्यांच्या हातांतून फिरतो आणि डाव बोलता येत नाही. पूर्ण डाव सांगितला, अप्पा तिकडे तिवईवर मांडत होते. मध्येच कुणाला तरी म्हणाले, "मान हलवू नका शेट, माझा पोरगा वजीर मारतोय."


ता. १४, गुरुवार

बॉयलरकाकांचं वय झालं हे खरं. बॉयलरच्या लोखंडी दारावर त्यांनी खडूने अख्खा पट काढला आहे. सराव करू म्हणे. इथपर्यंत ठीक. पण पटाच्या खाली एका ओळीत आठ अक्षरं लिहिली आणि बाजूला एक ते आठ आकडे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "असंच. मला विसरायला होतं." आणि मग एकेका घरावर बोट ठेवून मोठ्याने बोलत बसले, लहान पोराला शिकवल्यासारखे. स्वतःशीच. मध्येच माझ्याकडे बघायचे.

माणूस अठरा वर्षं स्पर्धेत खेळतो आणि आता अक्षरं विसरतो. वाईट वाटलं.

ते चहाला गेले तेव्हा मी फडक्याने ती अक्षरं पुसून टाकली. पट ठेवला. ती अक्षरं डोळ्यांसमोर नको होती.

परत आल्यावर काकांनी दाराकडे पाहिलं. खडू दाराच्या कडीवर ठेवून दिला.


ता. १७, रविवार

वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून लिहितो आहे. बाकीचे पुढे गेले. मी म्हणालो, मला जरा काम आहे.

उपान्त्य फेरी. समोर छापखान्याचा संघ. माझ्यासमोर खिळे जुळवणारे एक म्हातारे जुळारी, बोटांना शाई मुरलेली, अतिशय सभ्य माणूस. पांढरी माझ्याकडे. वजिराचं प्यादं दोन घरं. त्यांनीही तेच केलं आणि नुसतं हसले, टपालवाल्यासारखं नाही. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं.

डाव असा झाला की अप्पांनी वस्तरा खाली ठेवून बघितला असता. तिसाव्या चालीला मी एक प्याद्याने वर. माझा हत्ती-घोडा, त्यांचा हत्ती-उंट, आणि त्यांचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला. दाराकडचं माझं प्यादं मोकळं. फक्त घड्याळात दहा मिनिटं उरली होती. चाळीस चाली झाल्या की अर्धा तास वाढवून मिळतो. म्हणून मी घोडा मधल्या चांगल्या घरात नेला, मागे घेतला, परत नेला. चाली भरायच्या आणि तेवढ्यात विचार करायचा. अडतिसाव्या चालीला घोडा तिसऱ्यांदा तिथं गेला, तसा त्या गृहस्थांनी हात वर केला. "बाई, तीच मांडणी तिसऱ्यांदा आली. नियमाने बरोबरी."

ती तीनदा आली नव्हती. घोडा तीनदा आला होता. पण पहिल्या वेळी त्यांचा हत्ती एक घर मागे होता. म्हणजे मांडणी दोनदाच. मला हे इतकं स्वच्छ दिसत होतं जितका समोर त्यांचा सदरा दिसत होता.

पंच बाईंनी घड्याळ थांबवलं. गृहस्थांचा कागद घेतला. घाईत त्यांच्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या होत्या. बाई म्हणाल्या, "ह्यावरून कळत नाही. तुमचा द्या." आणि माझ्यापुढे हात केला.

शेजारच्या पटावरून बॉयलरकाका बघत होते. पलीकडून मावशी. गृहस्थ चष्मा सावरत होते. आणि माझ्या कोपराखाली अडतीस ओळी मुंग्या.

मी म्हणालो, "कागद कशाला बाई. बरोबर आहे त्यांचं. तीनदाच आली."

"खात्री आहे?"

"हो."

"ठीक. मग सही करून दोघेही कागद जमा करा."

तेव्हा मी पाण्याचा पेला पाडला. पाडला म्हणजे हाताने पाडला. सगळं पाणी कागदावर. "अरे अरे" झालं. काका उठले, खांद्यावरचा पंचा घेऊन टेबल पुसलं, कागदही टिपला आणि चोळामोळा तसाच बाईंच्या हाती दिला. बाई म्हणाल्या, "असू दे, कबूल आहे ना, मग झालं."

गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "फार प्रामाणिक आहेस रे. दुसरा असता तर भांडला असता."

हे वाक्य कानात अजून जळतं आहे.


तेवढ्यावर संपलं असतं तरी बरं. उरलेलंही लिहून टाकतो.

गाडीवाल्याची बरोबरी आधीच झाली होती. माझी ही अशी. मावशींचा डाव बघवत नव्हता, एक हत्ती कमी. काकांच्या पटावर तेवढ्यात समोरच्याने बरोबरी देऊ केली. मांडणी सारखीच होती, कुणीही घेतली असती. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग मावशींच्या पटाकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "नको. खेळू."

मी जिंकलो असतो तर त्यांनी घेतली असती. मावशी हरल्या तरी निदान दोन-दोन. पण माझा अर्धाच, म्हणून त्यांना जिंकणं भाग पडलं. राजा पुढे काढला, जोर केला, आणि जिथं जोर नसतो तिथं केला की होतं तेच झालं. हरले.

आणि दहा मिनिटांनी मावशींनी हरलेला डाव फिरवून जिंकला!

दोन-दोन. मग बाईंनी मागच्या फेरीचे गुण काढले आणि छापखाना पुढे निघाला. काकांनी ती बरोबरी घेतली असती तर अडीच-दीड. सगळ्यांनी हाच हिशेब केला, बाहेर पडता पडता, मोठ्याने. दुसरा हिशेब फक्त मला ठाऊक आहे.

अप्पांना फोन केला नाही.


ता. १८, सोमवार

दिवसभर चादरी. मावशी म्हणाल्या, "आज लगाम शांत आहे!"


ता. २०, बुधवार

गाडीवाल्याने बॉयलरकाकांना चहा आणून दिला आणि वर म्हणाला, "घेता का काका? की नको, जिंकूनच घेणार?" सगळे खोखो. काकाही हसले. चहा घेतला.

आता हा चालूच झाला आहे प्रकार. कुणी तपकीर पुढे करतं, "घ्या काका, नाकारू नका हो." कुणी दार उघडून धरतं, "आधी तुम्ही, अंतिम फेरीत काही जाता आलं नाही, निदान इथून तरी जा." मावशी हसत नाहीत. पण त्या बोलतही नाहीत काकांशी, ते जास्त वाईट. काल रुळापाशी एवढंच म्हणाल्या, "अठरा वर्षं. आणि म्हाताऱ्याला ऐन वेळी हाव सुटली."

मी चादर ताणून धरली होती. रुळाच्या तोंडात दिली.

मी मनाशी असं म्हणतो की बरोबरी नाकारली ती त्यांनी. माझा काय संबंध? मी म्हणालो होतो का नाकारा? आणि शेवटी कबूल केलं ते केलं, आता सांगून निकाल थोडाच बदलणार आहे. वरातीमागून घोडं. हे सगळं बरोबर आहे. तरीही जेवताना काका समोर आले की मी डबा बंद करून उठतो.


ता. २१, गुरुवार

आज काकांनी पट मांडलाच नाही. मीही विचारलं नाही.


ता. २४, रविवार

अप्पांना फोन केला. न करून किती दिवस काढणार. मागे वस्तरा धार लावायच्या पट्ट्यावर फिरल्याचा आवाज येत होता.

"गेल्या रविवारी फोन नाही."

"काम होतं."

"रविवारी? कपडे सुट्टी घेत नाहीत वाटतं. बरं, डाव सांग. मांडलाय."

"बरोबरी झाली अप्पा."

"होऊ दे की. सांग."

सांगायला लागलो. वाटेत ठरवून आलो होतो की त्यांचा हत्ती पहिल्यापासून पुढच्याच घरात होता म्हणून सांगायचं, म्हणजे तीनदा बसतं. चौतिसावी चाल आली. आणि जीभ वळलीच नाही. आयुष्यात बाकी सगळं खोटं बोललो आहे अप्पांशी, शाळेचं, पैशांचं, इथल्या नोकरीचंही थोडं वाढवूनच. पण त्यांच्या पटावर खोटी चाल कधी सांगितली नाही. हत्ती जिथं होता तिथं सांगितला.

"थांब," अप्पा म्हणाले. तिकडे सोंगट्या सरकल्याचा आवाज. "घोडा मागे घे. पुढे. मागे. पुढे. अरे, ही तर दोनदाच आली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पहिल्या वेळी हत्ती मागे आहे की. दोनदाच. आणि दाराकडचं प्यादं तर पळतच सुटलंय तुझं! अर्धी दाढी करून उठवलंस की रे गिऱ्हाईक! बोलला का नाहीस?"

"त्यांनी कागद मागितला."

"कसला कागद?"

मग सांगितलं. की तिथं चाली लिहाव्या लागतात, ए-बी-सीमध्ये, मला येत नाही, मी मुंग्या काढल्या, आणि साठ माणसांत ते उघडं पडलं असतं. पाणीही सांगितलं. काकांचंही सांगितलं.

अप्पा बोलेनात. मला वाटलं फोन कटला. "अप्पा?"

"आहे," म्हणाले. मग खूप वेळाने, भलत्याच हळू आवाजात, "लिहायला सांगितलं होय." आणि म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय. ठेवतो."

फोन ठेवला. डाव अर्धा टाकून अप्पांनी आजवर कधी फोन ठेवला नव्हता. ओरडले असते तर बरं झालं असतं. इतकी लाज वाटली असेल त्यांना माझी की ओरडावंसंही वाटलं नाही.


ता. २८, गुरुवार

बॉयलरपाशी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो. काका मापकाचा काटा बघत होते. म्हणाले, "काय रे?"

मी म्हणालो, "काका, मी…"

ते थांबले. वाफ जात होती. थांबलेच ते, चांगले मिनिटभर, काट्याकडे न बघता माझ्याकडे बघत.

"…चहा आणू का?"

"आण," म्हणाले.

थू माझ्यावर.


ता. १, सोमवार

काका कागदोपत्री काल निवृत्त झाले. पण काल रविवार, म्हणून नव्या माणसाला बॉयलर समजावून द्यायला आज आले. धुतलेला सदरा घालून.

जेवणाच्या सुट्टीत घडीच्या टेबलाभोवती सगळे जमले. धुलाईकडून त्यांना एक घड्याळ दिलं. साहेब दोन शब्द बोलून गेले. मग गाडीवाला उभा राहिला आणि म्हणाला, "घड्याळ साहेबांनी दिलं. आपण संघाकडून काय द्यायचं? मी म्हणतो, बरोबरी देऊ! पण ते घेतील का, विचारा!"

हशा झाला. नवा माणूसही हसला, त्याला तर काही ठाऊकसुद्धा नव्हतं. काका हसले आणि नव्या घड्याळाची किल्ली उगाचच फिरवत राहिले. आणि मी बघितलं की ते घड्याळ किल्लीचं नव्हतंच. नुसतंच बोट फिरत होतं.

मी म्हणालो, "पट आणा."

कुणाला कळलं नाही. मीच आणला. चौतिसाव्या चालीपासून मांडला आणि खेळून दाखवला. घोडा पुढे, हत्ती इथं. घोडा पुढे, हत्ती आता इथं. घोडा पुढे, हत्ती इथंच. "दोनदाच आली होती," म्हणालो. "तीनदा नाही. मी खोटं सांगितलं."

मावशी पुढे वाकल्या. त्यांना पट वाचायला क्षण पुरतो. "म्हणजे तू जिंकत होतास."

"हो."

"मग?"

"कागद दाखवायला लागला असता. मला चाली लिहिता येत नाहीत. ए-बी-सी येत नाही. नुसत्या रेघोट्या होत्या. पाणीही मीच पाडलं."

रूळ बंद होता, तरी कानात घरघर चालूच होती.

"आणि काकांनी बरोबरी सोडली," मावशी सावकाश म्हणाल्या, "ती तुझा अर्धा कमी पडला म्हणून."

"हो."

मावशींचा चेहरा लाल झाला. "मेल्या! पंधरा दिवस आम्ही ह्या माणसाला टोचून खातोय, आणि तू रोज चादरीचं दुसरं टोक धरून माझ्यासमोर गप्प उभा होतास?"

गाडीवाला खाली बघत होता. त्याने आणलेला पेढ्याचा खोका तसाच उघडा पडला होता.

काका म्हणाले, "पाणी मी पुसलं. कागद पाहिला होता."

मावशी त्यांच्यावरच घसरल्या. "मग तुम्ही का नाही तोंड उघडलंत? खुळे आहात का?"

"काय उघडू? पोराची लाज पोराची. ती चारचौघांत मी कशाला नागडी करू? पहिल्या फेरीपासून बघतोय मी त्याचं कोपर." मग माझ्याकडे वळले. हसले नाहीत. "पण एक ऐक. बरोबरी नाकारली ती मी. ती माझी हाव, तिच्यावर तू हक्क सांगू नकोस. तुझं तेवढं तू घे."

"काका, रागावलात?"

"रागावलोय. अठरा वर्षांचा राग आहे, आज लगेच उतरणार नाही. उतरेल तेव्हा सांगेन." आणि नव्या माणसाला म्हणाले, "चला हो, झडप दाखवतो." दोन पावलं जाऊन परत फिरले. "खडू दाराच्या कडीवरच आहे. मी परत लिहिणार नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो पट आणि ती अक्षरं कुणासाठी होती. आणि मी ती फडक्याने पुसली होती.

संध्याकाळी मावशींनी खडू आणला. तोंडाने शिव्या चालूच. टेबलाच्या कडेला खसाखसा लिहिलं. "हे आरशाकडचं का फिरशाकडचं, तुझं जे काय असेल ते, इथून सुरू. ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. संपलं."

"एवढंच?"

"मग काय महाकाव्य आहे? आठ घरं, आठ अक्षरं."

आठ. मला वाटत होतं फार मोठं काहीतरी असणार. आठ अक्षरांपायी मी एका म्हाताऱ्याला पंधरा दिवस हसू दिलं.

तिथूनच अप्पांना फोन लावला. सोमवार होता, तरी लावला. सगळं सांगितलं. काका काय म्हणाले तेही.

अप्पांनी ऐकून घेतलं. "बरं केलंस," म्हणाले. मग जरा थांबून, "ती अक्षरं. आरशाकडून पहिलं कुठलं?"

"ए."

"ए." मागे सोंगटी ठेवल्याचा आवाज आला. "मग?"

"बी. मग सी. अप्पा, तुम्हाला कशाला…"

"सांग रे. वजिराचं प्यादं कुठल्या अक्षरावर?"

"डी. डी चार."

"डी चार," अप्पा म्हणाले. परत एकदा म्हणाले, तोंडातल्या तोंडात. "ते डी काढायचं कसं? म्हणजे, तू कसं काढतोस?"

माझी परीक्षाच घेत असणार. मी सांगितलं, एक उभी रेघ, आणि तिला चिकटून एक पोट.

"पोट कुठल्या बाजूला? दाराकडे की आरशाकडे?"

"मोठं काढलं तर दाराकडे."

"हां. दाराकडे. पुढचं सांग. पण सावकाश. हातात दाढी आहे."

मी सावकाश सांगत गेलो, एचपर्यंत. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज सोमवार. दुकान बंद. कुणाची दाढी ते विचारायचं राहूनच गेलं.